खानदेशातील रुग्णांचे प्रश्न कोणी विचारायचे?

सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की चळवळीच्या ठरावांत तीन मागण्या ठरलेल्या असतात. डॉक्टर नेमा, औषधे द्या आणि खाटा वाढवा. तिन्ही मागण्या रास्त आहेत आणि त्या पदरात पडेपर्यंत मांडत राहिलेच पाहिजे. परंतु चौथी एक मागणी आहे, तिचा उल्लेख ठरावांत क्वचितच आढळतो. रुग्णाला जे औषध दिले जाते ते त्याच्या आजारावर, त्याच्या शरीराला आणि त्याच्या परिस्थितीत लागू पडते की नाही, हे त्याच्याच मुलखात, सरकारी रुग्णालयात आणि सार्वजनिक पैशाने तपासून पाहण्याची सोय हवी, ही ती मागणी होय. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आधारे खानदेशात विद्यापीठीय रुग्णसंशोधन केंद्र स्थापन झाले पाहिजे, हा विचार वरवर पाहता तज्ज्ञांच्या बैठकीतला वाटेल. वस्तुतः तो शेतमजुराच्या, आदिवासीच्या आणि ऊसतोड कामगाराच्या हिताशी सरळ निगडित आहे.

रुग्णसंशोधन म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. प्रयोगशाळेत परीक्षानळीवर किंवा उंदरावर होणारे संशोधन वेगळे आणि प्रत्यक्ष रुग्णाला मध्यभागी ठेवून होणारे संशोधन वेगळे. दुसऱ्या प्रकारात प्रश्न रुग्णापासून सुरू होतो आणि उत्तर रुग्णापाशी येऊन थांबते. दोन उपचारांपैकी सरस कोणता, औषधाची किती मात्रा पुरेशी, घरी गेल्यावर रुग्ण का दगावतो, औषध मध्येच का सुटते, असे हे प्रश्न असतात. अमेरिकेत सरकारने १९५३ साली बेथेस्डा येथे केवळ अशा संशोधनासाठी रुग्णालय उघडले आणि १९६० च्या सुमारास विद्यापीठांच्या रुग्णालयांतून छोटे संशोधन कक्ष चालविण्यासाठी सरकारी अनुदान सुरू केले. अशा कक्षाला लागते तरी काय? थोड्या खाटा, प्रशिक्षित परिचारिका, एक विश्वासू प्रयोगशाळा, एक संख्याशास्त्रज्ञ आणि रुग्णाची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारे दप्तर. ज्या देशात बहुतेक वैद्यकीय सेवा खाजगी धनाच्या हाती आहे त्या देशालाही हे काम सरकारी तिजोरीतून करावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खानदेशाचे प्रश्न कोणते, ते पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०४७ ची मुदत ठरविली. या अभियानात तपासणीवर आणि कार्डवाटपावर मोठा भर आहे. तपासणी आवश्यक आहेच. पण कार्ड हाती पडल्यावर पुढे काय? हायड्रॉक्सीयुरिया हे औषध या आजारात वेदनेचे झटके कमी करते. पाश्चात्त्य देशांत त्याची मात्रा सोसेल तितकी वाढवत नेण्याचा प्रघात आहे. नागपूरला लहान मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी आणि ठराविक मात्रेनेही चांगला गुण आल्याचे दिसले. मग सातपुड्यातील कुपोषित मुलाला ही मात्रा किती असावी? महिन्याला रक्त तपासायला धुळ्याला येणे ज्याच्या बापाला परवडत नाही, त्याच्यावर औषधाची देखरेख गावातच कशी ठेवावी? या प्रश्नांची उत्तरे नागपूरहून किंवा न्यूयॉर्कहून जशीच्या तशी आणता येणार नाहीत.

दुसरा प्रश्न कीटकनाशकांच्या विषबाधेचा. कापूस हे खानदेशाचे प्रमुख पीक आणि फवारणी हे सालदाराच्या व मजुराच्या वाट्याला येणारे काम. ऑरगॅनोफॉस्फरस वर्गातील विषावर प्रॅलिडॉक्सिम हे औषध कसे द्यावे, याचा अभ्यास बारामतीच्या एका रुग्णालयात २०० रुग्णांवर झाला आणि २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सुरुवातीला सतत थेंबाथेंबाने मोठ्या प्रमाणात दिल्यास मृत्यू बरेच कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे २००९ साली श्रीलंकेतील अभ्यासात मात्र या औषधाचा फायदा दिसून आला नाही. दोन प्रामाणिक अभ्यास, दोन वेगळे निष्कर्ष. फरक विषाचा, रुग्णालयात पोचण्याच्या वेळेचा की अतिदक्षता विभागातील सोयींचा? कापूसपट्ट्यातील सरकारी रुग्णालयाइतके हा वाद मिटविण्यास योग्य ठिकाण दुसरे कोणते असणार? तेथे रुग्ण दर हंगामात येतात आणि प्रश्न मात्र तसाच पडून राहतो.

तिसरा प्रश्न सर्पदंशाचा. देशभर वापरली जाणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आधारलेली आहे, आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशांत वेगळे असते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. तापीकाठच्या केळीबागेत दंश झालेल्या मजुराला या लसीच्या किती कुप्या लागतात आणि त्या किती वेळात लागू पडतात, याची शिस्तबद्ध नोंद येथेच व्हावयास हवी.

चौथा प्रश्न स्थलांतराचा आहे आणि तो इतर सर्व प्रश्नांना व्यापून आहे. दिवाळी झाली की खानदेशातील हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि आखाजीच्या आसपास परततात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या परिसरातील या खानदेशी तोडकऱ्यांचे जिणे अनेक वर्षे अभ्यासले आणि जगापुढे मांडले. अर्थशास्त्राने या माणसांची दखल घेतली. वैद्यकाने अजून पुरती घेतलेली नाही. क्षयाचा उपचार किमान सहा महिने चालतो आणि तोडीचा हंगामही जवळपास तेवढाच असतो. अशा रुग्णाचे औषध अर्धवट सुटले की केसपेपरवर ‘रुग्ण आला नाही’ अशी नोंद होते. रुग्ण का आला नाही, हा संशोधनाचा विषय मानला जात नाही. तो रुग्णाचा निष्काळजीपणा मानला जातो.

हे प्रश्न आजवर का विचारले गेले नाहीत? याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा अर्थशास्त्र अधिक नीट देऊ शकते. ज्ञान ही अशी वस्तू आहे की ती एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही, आणि एकदा प्रसिद्ध झाल्यावर तिच्या वापराला आवर घालणेही कठीण असते. म्हणून भांडवल फक्त त्याच ज्ञानात गुंतते ज्याला पेटंटचे कुंपण घालता येते. नवे, महाग आणि मक्तेदारीचे औषध असेल तर कंपनी लाखो रुपये खर्चून चाचण्या करील. पेटंट संपलेल्या स्वस्त औषधाची योग्य मात्रा शोधण्यात, औषधाऐवजी धान्य देऊन काय साधते हे पाहण्यात, किंवा एखादे महाग औषध निरुपयोगी आहे हे सिद्ध करण्यात तिला कसलाही नफा नाही. गरिबांना ज्या उत्तरांची सर्वाधिक गरज असते, नेमकी तीच उत्तरे बाजार शोधत नाही. ही कोणा एका उद्योजकाची दुष्टाई नव्हे. बाजाराचा तो स्वभाव आहे. म्हणूनच हे काम समाजाने आपल्या हाती घेणे भाग आहे.

आणि समाजाने ते हाती घेतले तेव्हा काय घडले, याचे दाखले याच देशात आहेत. १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र स्थापन केले. त्या काळी क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवावे, पूर्ण विश्रांती व सकस अन्न द्यावे, असा दंडक होता. आरोग्यधामातील खाटा मोजक्या. गरिबांना त्या मिळणे अशक्यच. केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला दाटीवाटीच्या वस्तीत त्याच्या घरीच तीच औषधे दिली. घरी राहणाऱ्यांचे अन्न निकृष्ट होते आणि कामही सुटत नव्हते. तरीही वर्षअखेर दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले, आणि घरातल्या माणसांना होणारी लागणही वाढली नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या क्षयनियंत्रणाची दिशा पालटली. आरोग्यधाम न मिळाल्याने उपचारच मिळत नाही, ही गरिबांची कोंडी एका सार्वजनिक केंद्राने फोडली. तेच केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून काम करीत आहे.

अलीकडचा दाखला झारखंडचा. तेथील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे यांचा अभ्यास झाला. काही कुटुंबांतील सर्व माणसांना दरमहा तांदूळ व डाळ दिली गेली, तर बाकीच्या कुटुंबांत केवळ रुग्णाला शिधा मिळाला. ज्या घरांत सर्वांना धान्य मिळाले तेथे क्षयाची नवी लागण ३९ टक्क्यांनी घटली; थुंकीच्या तपासणीने सिद्ध होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाबाबत घट सुमारे निम्मी होती. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भूक आणि क्षय यांचे नाते चळवळीतील माणसाला नवे नाही. पण ‘आम्ही म्हणतो’ आणि ‘असे सिद्ध झाले आहे’ या दोन विधानांचे वजन मंत्रालयात सारखे नसते. रेशनच्या धान्यासाठी लढणाऱ्याच्या हातात या अभ्यासाने एक नवे साधन दिले आहे.

अज्ञानाची किंमत किती मोठी असते, ते कोरोनाच्या साथीने दाखविले. २०२० च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील मृत्यूचे प्रमाण राज्यभर चिंतेचा विषय झाले होते. त्याच काळात ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील रुग्णालयांनी एकत्र येऊन एक मोठी चाचणी हाती घेतली आणि काही महिन्यांतच, जून २०२० मध्ये, डेक्सामेथासोन या जुन्या व अत्यंत स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२० मधील अंतरिम निष्कर्षांनुसार रेमडेसिव्हिरमुळे मृत्यूच्या प्रमाणात फारसा फरक पडत नव्हता. तरीही एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर रुग्णांचे नातेवाईक त्याच इंजेक्शनसाठी रांगा लावीत होते, दागिने गहाण टाकीत होते आणि काळ्या बाजाराला तोंड देत होते. पुराव्यावर विसंबून रुग्णाला ‘हे तुला लागत नाही’ असे ठामपणे सांगणारी संस्था जिल्ह्यात असती, तर किती संसार कर्जातून वाचले असते!

महाराष्ट्रात बुद्धीची किंवा निष्ठेची वाण नाही. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने तडफडणाऱ्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध या दंशावर प्राणदायी ठरते हे दाखविले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या अभ्यासात प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही त्यांनी सिद्ध केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत राबविली, शेजारच्या ४७ गावांशी तिची तुलना केली आणि नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली जगापुढे ठेवले. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. बारामतीचा उल्लेख वर आलाच आहे. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ही कामे विद्यापीठांच्या व्यवस्थेतून उभी राहिलेली नाहीत. ती व्यक्तींच्या आणि लहान संस्थांच्या जिद्दीवर उभी राहिली. त्यांचे मोल कितीही मानले तरी समाजाचे ज्ञान कोणा एकाच्या तपश्चर्येवर अवलंबून ठेवणे ही सुव्यवस्था नव्हे. प्रत्येक जिल्ह्याला एक बावस्कर लाभेल, या आशेवर आरोग्यधोरण आखता येत नाही.

खानदेशात व्यवस्था का उभी राहिली नाही, याचे एक कारण विद्यापीठांच्या रचनेत आहे. पुणे विद्यापीठाचे विभाजन होऊन १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये त्याच्याकडे गेली. प्रशासनाच्या दृष्टीने या विभागणीत सोय असेल. परंतु तिचा परिणाम असा झाला की, जळगावच्या विद्यापीठाकडे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्रे राहिली, पण रुग्ण राहिले नाहीत. धुळ्याच्या आणि २०१८ साली सुरू झालेल्या जळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्ण राहिले, पण संख्याशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ यांच्याशी रोजचा संबंध राहिला नाही. एकाच जिल्ह्यातील दोन सार्वजनिक संस्था एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत.

याचा सर्वांत मोठा तोटा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत दिसतो. वैद्यकातील प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला एक प्रबंध लिहावा लागतो. तो लिहिण्यासाठी त्याला रुग्ण तपासावे लागतात, रक्त काढावे लागते, आकडे जमवावे लागतात. परीक्षा झाली की प्रबंध कपाटात जातो. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी नवा विषय घेतो आणि पुन्हा थोड्याशा रुग्णांवर काम करतो, ज्यावरून कोणताच ठाम निष्कर्ष निघत नाही. दहा विद्यार्थ्यांनी दहा वर्षे एकाच प्रश्नावर, एकाच पद्धतीने, एकाच नोंदवहीत काम केले तर विषबाधेचा किंवा सिकलसेलचा देशातला एक भरभक्कम अभ्यास खानदेशात उभा राहील, आणि त्यासाठी फारसा वेगळा खर्चही येणार नाही. श्रम आज खर्च होतच आहेत. त्यांची जोडणी होत नाही.

संशोधन हे मुंबई-पुण्याचे काम, असा न्यूनगंड खानदेशाने बाळगण्याचे कारण नाही. अंमळनेरसारख्या तालुक्याच्या गावी श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि देशभरचे अभ्यासक तेथे येऊन राहिले. साने गुरुजीही काही काळ तेथे होते. इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन धुळ्यात झाल्यावर १९२७ साली त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी गावोगाव हिंडून मिळविलेली कागदपत्रे जतन झाली. वाड्यांच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी गेलेल्या रुमालांत महाराष्ट्राचा इतिहास आहे, हे राजवाड्यांनी ओळखले. सरकारी रुग्णालयांच्या गोदामांत पडलेल्या केसपेपरांत खानदेशाच्या श्रमिकांचा इतिहास आहे, हे कोणी तरी ओळखले पाहिजे.

केंद्राचा आराखडा अवाढव्य असण्याची गरज नाही. जळगावचे विद्यापीठ, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्यात करार व्हावा आणि केंद्राला स्वतंत्र नियामक मंडळ असावे. केंद्र सरकारचा आरोग्य संशोधन विभाग २००७ साली स्थापन झाला असून वैद्यकीय महाविद्यालयांतील बहुशाखीय संशोधन कक्षांसाठी आणि ग्रामीण भागातील संशोधन कक्षांसाठी त्याच्या योजना आहेत; ग्रामीण कक्षांपैकी एक पालघर जिल्ह्यातील डहाणूला चालतो. म्हणजे मागणी अपूर्व नाही. धुळे आणि जळगाव येथे मोजक्या खाटांचा एकेक कक्ष, जळगावच्या विद्यापीठात नमुन्यांची तपासणी व संख्याशास्त्र, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नोंदी घेणारे कार्यकर्ते, एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. अभ्यासात भाग घेणाऱ्या रुग्णाला येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळाली पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे. ज्याच्या शरीरातून ज्ञान निर्माण होते तो त्या ज्ञानाचा सहउत्पादक असतो. अभ्यासाचे वेळापत्रकही आर्थिक वर्षाप्रमाणे न आखता पेरणी, वेचणी आणि ऊसतोड यांच्या कालगणनेप्रमाणे आखले पाहिजे.

येथे एका धोक्याचा विचार केलाच पाहिजे, आणि तो कार्यकर्त्यांच्या मनात आधीच आला असेल. संशोधनाच्या नावाखाली गरिबांच्या देहाचा वापर झाला आहे. २००९-१० साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा अभ्यास मुलींवर झाला. आदिवासी वसतिगृहांतील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघडकीस आले. एप्रिल २०१० मध्ये तो अभ्यास थांबविण्यात आला आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट, हा तेथे मुद्दा नव्हता. माणसाला न विचारता त्याचा वापर करण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा मुद्दा होता. सातपुड्यात आश्रमशाळा आहेत, अधीक्षक आहेत आणि दूर राहणारे पालकही आहेत. खम्ममला जे घडले ते येथे घडणार नाही, याची हमी केवळ सदिच्छेवर देता येत नाही.

हमी नियमांतून आणि लोकांच्या पहाऱ्यातून येते. २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई बंधनकारक आहे. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सभासद हवेत, त्यांतील निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत, आणि एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ व एक सामान्य नागरिक असलाच पाहिजे. हा सामान्य नागरिक कोण असावा? बहुधा तो अधिष्ठात्यांच्या परिचयातील एखादा प्रतिष्ठित गृहस्थ असतो. खानदेशातील केंद्रात ती जागा आशा कार्यकर्तीला किंवा शेतमजुरांच्या संघटनेच्या प्रतिनिधीला मिळावी, अशी मागणी करता येईल. संमतीची भाषा हाही असाच प्रश्न आहे. इंग्रजी मसुद्यावरून केलेले बोजड मराठी संमतिपत्र अहिराणी, भिल्ली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसापुढे ठेवून घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. त्याच्या बोलीत, त्याच्या घरच्यांसमक्ष, ‘नाही’ म्हटले तरी उपचार थांबणार नाही असे सांगून जी मिळते ती संमती. निष्कर्षही त्याच बोलीत गावी जाऊन सांगितले पाहिजेत. परदेशी नियतकालिकात छापून आले पण मोलगीच्या बाजारात कोणाला कळले नाही, असे संशोधन अर्धेच होय.

काही जण म्हणतील की, जेथे साध्या गोळ्या मिळत नाहीत तेथे संशोधनाची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण मद्रासला १९५६ साली देशाजवळ काय होते? साधने अपुरी होती म्हणूनच कोणता खर्च अनावश्यक आहे हे शोधणे निकडीचे ठरले. श्रीमंताला चूक परवडते. गरिबाला परवडत नाही. शिवाय संशोधनासाठी रुग्णाची नोंद नीट ठेवावी लागते, तपासणी वेळेवर करावी लागते, घरी गेलेल्या रुग्णाचा शोध घ्यावा लागतो. या शिस्तीचा लाभ अभ्यासात नसलेल्या रुग्णालाही होतो. ज्या महाविद्यालयात चांगल्या प्रश्नावर काम चालते, तेथे तरुण डॉक्टर टिकण्याची शक्यताही अधिक असते. मात्र एक अट घातली पाहिजे: केंद्राचा पैसा औषधांच्या आणि खाटांच्या तरतुदीतून कापला जाता कामा नये. सेवा आणि संशोधन यांना एकमेकांच्या ताटातले खायला लावणे हा जुना सरकारी डाव आहे.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. केंद्र उभे राहिले की औषध कंपन्या पैसे घेऊन येतील आणि वर्ष-दोन वर्षांत तेथे त्यांच्याच चाचण्या चालतील, ही भीती निराधार नाही. यावर उपाय केंद्र न काढणे हा नव्हे, कारण खाजगी रुग्णालयांत त्या चाचण्या लोकांच्या नजरेआड होतच राहतील. उपाय असा की, केंद्राचा मूळ खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून कायमस्वरूपी मिळावा, प्रश्नांचा अग्रक्रम नियामक मंडळाने जाहीर सुनावणी घेऊन ठरवावा, प्रत्येक चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत व्हावी, आणि निष्कर्ष प्रतिकूल असला तरी तो प्रसिद्ध करण्याचे बंधन करारातच असावे. ज्या संस्थेचे वीजबिल कंपनी भरते तिला कंपनीला न आवडणारे प्रश्न विचारता येत नाहीत, एवढे साधे हे तत्त्व आहे.

कार्यकर्त्यांनी यात काय करावयाचे? विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांचे प्रतिनिधी असतात. त्यांच्यामार्फत हा ठराव आणता येईल. दोन्ही जिल्ह्यांतील आमदारांना अर्थसंकल्पापूर्वी निवेदन देता येईल. त्याहून महत्त्वाचे काम गावात आहे. शेतमजुरांच्या, आदिवासींच्या आणि आशा कार्यकर्त्यांच्या बैठकांतून कोणत्या दुखण्याचा उलगडा होत नाही, कोणते औषध घेऊन गुण येत नाही, कोठे उपचार सुटतो, याची यादी करावी. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री अशा प्रत्येक तालुक्यातून दहा-दहा प्रश्न आले तरी खानदेशाच्या रुग्णसंशोधनाचा पहिला कार्यक्रम तयार होईल, आणि तो कोणा सचिवाच्या टेबलावर तयार झालेला नसेल. अशी यादी घेऊन लोक कुलगुरूंच्या आणि अधिष्ठात्यांच्या दारात उभे राहिले, की संशोधन केंद्राची मागणी केवळ प्राध्यापकांची मागणी राहणार नाही. आजवर खानदेशाने आपले आजार शहरांकडे पाठविले आणि शहरांनी दिलेली उत्तरे निमूटपणे घेतली. आता प्रश्न येथून सुटले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे देण्याची जबाबदारी येथल्या विद्यापीठाने स्वीकारली पाहिजे.